शाळेपासून शंभर पावलं

आवडाबाईला ग्रामपंचायतीत बसायला लागून दीड वर्ष झालं होतं, आणि त्या दीड वर्षात तिला कोणी काही विचारलं नव्हतं. नव्या कायद्यात पंचायतीत बायकांनाही जागा ठेवायची होती, म्हणून माडबंदरच्या कोळीवाड्यातून तिचं नाव घातलं. तिचंच का, तर म्हसळ्याच्या बाजारात मासळीवाल्यांच्या बसायच्या जागेवरून भांडण झालं तेव्हा कचेरीतल्या माणसाला तिनं एकटीनं गप्प केलं होतं. पंचायतीत मात्र तीच गप्प असायची. सतरंजीच्या कडेला दाराजवळ बसायची, ग्रामसेवक वाचून दाखवायचा ते ऐकायची, अंगठा उठवायची, आणि वाळत घातलेल्या मासळीवर कावळे बसले असतील म्हणून लगबगीनं घर गाठायची.

एकसष्ट सालच्या त्या सभेला साळवी गुरुजी आले. ते माणगावकडचे, तीन वर्षांपूर्वी इथल्या शाळेवर बदलून आलेले. उंच, वाकलेले, बोलताना टोपी काढून हातात धरायची सवय. चौथीतली तीन मुलं शाळेच्या मागच्या गडग्याआड विडी ओढताना सापडली, असं त्यांनी सांगितलं.

"मुलांना मी मारलं नाही," गुरुजी म्हणाले. "मारून काय होणार? माझ्या वडिलांना तंबाखूनं गालात गाठ झाली होती. शेवटी शेवटी गाल उरलाच नव्हता. पाणी प्यायले की बाहेर यायचं. म्हणून मी एवढंच मागतो, शाळेपासून शंभर पावलांच्या आत विडी-तंबाखूचं दुकान नसावं. तसा ठराव करा."

सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या कानावर विडी खोचलेली होती. सरपंच हरेश्वरनं आपली विडी हळूच खिशात टाकली आणि इकडेतिकडे बघता बघता त्याची नजर दाराकडे गेली.

"आवडाबाय, तुमचं काय म्हणणं? पोरांचा विषय हाय. बायकांना जास्त कळतं."

सगळी डोकी तिच्याकडे वळली होती. तिनं पदर नीट केला.

"गुरुजी बोलतात ते बरोबर हाय," ती म्हणाली. "पोरांच्या वाटेवर तंबाखू नको. दुकान लांबच असावं."

आपला आवाज तिला बरा वाटला. हरेश्वरनं मान हलवली, मग बाकीच्यांनी हलवली, ग्रामसेवकानं लिहून घेतलं. ती उठली तेव्हा गुरुजींनी तिला हात जोडले. घरी निघालेली आवडाबाई त्या दिवशी जरा ताठच चालत होती. शाळेच्या पायऱ्यांपासून खाली उतरणाऱ्या वाटेवर गोदूबाईचं दुकान लागलं, आणि गोदूबाईनं आतून हाक मारली, "काय गो आवडे, आज हसतेस कशाला एकटीच?"

तेव्हा कुठे आवडाबाईच्या ध्यानात आलं की गावात दुकान एकच आहे.

असं कसं झालं, हे तिला पुढे कितीदा आठवूनही नीट उमगलं नाही. सभेत 'दुकान' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे कुठलंतरी दुकान होतं, कागदावरचं. त्यात गोदू नव्हती. गोदू तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन एकाच आळीत आल्या होत्या. गोदूचा नवरा अनंता होडी ओढताना पायावर ओंडका येऊन अधू झाला, तेव्हापासून ती चार फळ्यांचं दुकान चालवायची. पाटीवरची पेन्सिल, खडीसाखर, काड्यापेटी, गूळ, विड्या आणि तंबाखूची पानं.

"काय न्हाय," आवडाबाई म्हणाली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. हरेश्वर, ग्रामसेवक आणि गुरुजी तिघे शाळेपाशी जमले आणि पहिला घोळ तिथंच झाला. मोजायचं कुठून? शाळेच्या दारापासून, फाटकापासून, की मुलं पाणी प्यायला जातात त्या विहिरीपासून? गुरुजी म्हणाले विहीर शाळेचीच. ग्रामसेवक म्हणाला, कागदावर विहीर ग्रामपंचायतीची आहे. मग दारापासून मोजायचं ठरलं. गुरुजींच्या पावलांनी दुकान शहाऐंशी पावलांवर आलं. ग्रामसेवक बुटका, त्याच्या पावलांनी ते एकशे चारावर गेलं. म्हणजे ग्रामसेवकानं चाललं तर दुकान ठरावाच्या बाहेर आणि गुरुजींनी चाललं तर आत. हरेश्वरनं एका माणसाला होडीतला दोर आणायला धाडलं. पण कोळ्यांचा दोर वावेनं मोजायचा, दोन हात पसरले की एक वाव, आणि शंभर पावलं म्हणजे किती वाव हे कुणालाच सांगता येईना. शेवटी ठराव गुरुजींनी मागितला म्हणून पावलंही गुरुजींचीच धरायची, असं हरेश्वरनं सांगून टाकलं.

गोदूबाई सगळा वेळ दुकानाच्या फळीला टेकून बघत होती. कुणाला काही बोलली नाही. संध्याकाळी ती आवडाबाईच्या अंगणात आली.

"तू हात वर केलास?"

"हात न्हाय. मला विचारलं, मी बोलले."

"काय बोललीस?"

आवडाबाईनं सांगितलं. गोदूबाई खाली बसली.

"पोरांच्या वाटेवर तंबाखू नको," ती हळू म्हणाली. "बरोबर हाय तुझं. पण पोरं माझ्याकडनं तंबाखू नेतात ती कुणासाठी गो? पोरांना आयबापच धाडतात. तुझी कमळ दर आठवड्याला येते. तीन पानं दे, आजीनं सांगितलंय, म्हणते. ती तंबाखू कुठं जाते?"

"ती माझ्या मशेरीला."

"मग?"

"मशेरी वेगळी," आवडाबाई म्हणाली. "मशेरी दाताला लावायची. ती काय पोरं ओढतात थोडीच?"

गोदूबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिच्याही हिरड्या आवडाबाईसारख्याच काळ्या होत्या. ती उठून गेली. पुढच्या आठवड्यात आळीतल्या चौघांनी दुकानाच्या फळ्या उचलून खाली धक्क्याजवळ नेल्या. आवडाबाईचा नवरा चंदर, होडीचा तांडेल म्हणजे म्होरक्या, तोही त्यांना हात लावायला गेला. परत आल्यावर तो बायकोला म्हणाला, "आता विडी हवी तर धक्क्यापर्यंत उतरा. चांगला ठराव केलास." एवढं बोलून त्यानं कमळला हाक मारली आणि विडीचा कट्टा आणायला धक्क्यावर धाडलं.

कमळ त्यांची नात. आठ वर्षांची, तिसरीत. तिचा बाप आजोबांबरोबर होडीवर असायचा आणि आई जनी पहाटेच टोपली घेऊन म्हसळ्याच्या बाजाराला निघायची. त्यामुळे पोर आजीच्या हाताखालीच वाढत होती. सकाळी आवडाबाई चुलीवर तवा ठेवून तंबाखूची पानं जळेपर्यंत भाजायची, आळीभर खकाणा उठायचा, शेजारणी खोकत खोकत तळहात पुढे करून यायच्या. भाजलेलं पान चुरून त्याची काळी पूड करायची आणि बोटानं दातांवर घासायची, की दिवस सुरू. तिच्या सासूनं तसंच केलं होतं. कमळ पाच वर्षांची असताना तिची दाढ दुखायला लागली, तेव्हा आवडाबाईनंच चिमूटभर मशेरी तिच्या दाढेवर दाबली होती. पोर रडायची थांबली. मग पुन्हा दुखलं, पुन्हा दाबली. पुढे पुढे कमळ आपलं आपण घ्यायला लागली आणि आवडाबाईनं त्याकडे कधी लक्ष दिलं नाही. दात घासते, यापलीकडे तिला त्यात काही दिसलं नव्हतं.

दुकान हलल्याला पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारची वेळ होती. आवडाबाई बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होती, तेवढ्यात शाळेकडून आरडाओरडा आला. तिसरीतल्या तीन मुलींना वर्गातच उलट्या झाल्या होत्या. एकीला घाम फुटून ती आडवी झाली होती. आवडाबाई धावत गेली. आधी तिनं कमळ शोधली. कमळ भिंतीला टेकून उभी होती, धडधाकट. तिला काही झालेलं नव्हतं. आवडाबाईनं मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

मुलींच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. गुरुजींनी तो घेतला, धावत आलेल्या आयांनीही घेतला. त्या मग तडक धक्क्यावर निघाल्या. आवडाबाई त्यांच्याबरोबर गेली. ती पंचायतीतली बाई, तिला पुढे घातलं गेलं.

गोदूबाई गूळ फोडत होती.

"पोरींना काय दिलंस?" आवडाबाईनं विचारलं.

"कुठल्या पोरींना?"

"शाळेतल्या. तिघी पडल्यात. तोंडाला तंबाखू हाय."

"मी आज कुणा पोरीला तंबाखू दिली न्हाय," गोदूबाई म्हणाली. "सकाळपासनं पोरगी आली न्हाय इकडे."

"मग तंबाखू काय आभाळातनं पडली?" मागून एक आई म्हणाली. दुसरीनं फळीवरची पानांची चवड खाली ओढली. पानं चिखलात पडली. आवडाबाईनं ती उचलली नाहीत आणि त्या बाईला अडवलंही नाही. ती नुसती उभी राहिली. गोदूबाई खाली वाकून एकेक पान पुसून घेत होती आणि कुणाकडे बघत नव्हती.

संध्याकाळी साळवी गुरुजी आवडाबाईच्या घरी आले. मुली बऱ्या झाल्याचं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी खिशातून बामची एक जुनी डबी काढली आणि ओटीवर ठेवली. झाकण उघडलं. आत अर्धी डबी मशेरी होती.

"ही कमळच्या दप्तरात होती," ते म्हणाले. "मुलींनीच सांगितलं. कमळ रोज लावते, म्हणून त्यांनीही मागितली. पेन्सिलीचा तुकडा दिला की ती एक बोट देते. आज त्यांनी पहिल्यांदाच घेतली आणि गिळली."

आवडाबाईनं डबी हातात घेतली. भाजणं तिचंच होतं. चुरा किती बारीक करायचा हे प्रत्येक बाईचं वेगळं असतं, तिला तिचा ओळखू आला.

"पण कमळला काय झालं न्हाय," ती म्हणाली. "तिनंबी लावली असंल ना आज? तिला उलटी न्हाय, काय न्हाय. मशेरीनं झालं असतं तर तिला आधी झालं असतं."

गुरुजींनी टोपी काढून हातात धरली.

"आवडाबाई, तिला होत नाही, कारण तिला सवय झाली आहे," ते म्हणाले. "तिच्या अंगाला ती ओळखीची आहे. माझ्या वडिलांना कधी चक्कर आली नव्हती."

"मशेरी म्हंजे तंबाखू न्हाय, गुरुजी."

"मग ती कशाची करता तुम्ही?"

आवडाबाईनं डबीकडे पाहिलं. गेली तीस-पस्तीस वर्षं ती स्वतःच्या हातानं तंबाखूची पानं तव्यावर टाकत होती. ती कशाची होते हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? आणि तरी, देवाशपथ, तिला ते ठाऊक नव्हतं. तंबाखू म्हणजे पुरुषांची, विडीची, पानाची. मशेरी म्हणजे सकाळ, तोंड धुणं, दात. दोन्ही एकाच पानाच्या, हे तिच्या हाताला माहीत होतं, मनाला नव्हतं.

गुरुजी गेले. जनी बाजारातून आली तेव्हा आवडाबाईनं तिला सगळं सांगितलं. जनी रिकामी टोपली हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिलाही या घरात आल्यावर सासूनंच मशेरी शिकवली होती. मग आत जाऊन तिनं कमळला जवळ घेतलं, बोटानं तिचे ओठ वर केले आणि उजेडाकडे तोंड करून तिच्या हिरड्या बघितल्या. आवडाबाईलाही दिसल्या. आठ वर्षांच्या पोरीच्या हिरड्या, कडेनं काळपट.

दुसऱ्या दिवसापासून मशेरी बंद, असं आवडाबाईनं घरात सांगितलं. कमळची आणि स्वतःचीही. पोरीला नको म्हणायचं आणि आपण तिच्यासमोर लावायची, हे तिला बरं दिसेना. पहिला दिवस कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं असं दुखायला लागलं की वलांडीवरची मासळी तिला दोन-दोन दिसायची. पोट साफ होईना. चंदरनं भात जरा करपलाय म्हटलं तर ती त्याच्यावर धावून गेली. आणि कमळ ओटीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. शाळेत जाईना. जेवेना.

"आजी, डोकं दुखतं," ती म्हणाली.

"माझंबी दुखतं, बाळा."

"थोडी दे. बोटावर."

"न्हाय."

"दाढ दुखते."

आवडाबाई तिच्याकडे बघत राहिली. पोर खरं बोलत होती की मशेरीसाठी बोलत होती, हे कसं ओळखायचं? तिचा चेहरा पाहून ती ठरवू बघत होती, पण चेहऱ्यावर जे होतं ते आपल्याच चेहऱ्यावर असणार हे तिला कळत होतं. तेच ओढलेले डोळे, तीच चिडचिड, तेच तोंडात बोट घालून रिकाम्या हिरडीवर फिरवणं. आपल्याला जे होतंय तेच एवढ्याशा जिवाला होतंय, आणि ते आपण दिलंय. ती कमळला घट्ट धरून बसली. पोरीनं सुटायची धडपड केली, मग रडली, मग थकून तशीच झोपली.

चौथ्या दिवशी आवडाबाईचा धीर सुटला. ती धक्क्यावर गेली. एकटी गेली, कुणाला धाडलं नाही. त्या दुपारनंतर ती गोदूबाईसमोर पहिल्यांदाच उभी राहत होती.

"एक पान दे," ती म्हणाली.

गोदूबाईनं दिलं नाही, नाही म्हणालीही नाही. गावाला डबीची गोष्ट तोवर कळली होती.

"त्या दिवशी तू उभी होतीस," गोदूबाई म्हणाली. "माझी पानं चिखलात पडली तवा. तुला ठाऊक हाय मी खोटं बोलत न्हाय. पन्नास वर्षं ठाऊक हाय."

"व्हय."

"मग का न्हाय बोललीस?"

"मला तवा काय कळतच नव्हतं गो. अजूनबी कळत न्हाय. माझं चुकलं एवढं कळतं."

गोदूबाईनं पान फळीवर ठेवलं. आवडाबाईनं ते घेतलं, कनवटीला खोचलं, आणि तिथून निघायच्या ऐवजी फळीजवळ खालीच बसली. दोघी खाडीकडे बघत बसल्या. पलीकडच्या आगरदांड्याहून उतारू आणणारी होडी दिघीच्या अंगाला लागत होती.

"कमळ दाढ दुखते म्हणते," आवडाबाई म्हणाली. "खरी दुखते का सोंग करते, ठाऊक न्हाय."

"मग दाखव की कुणाला. तू काय डाक्टर हायस?"

इतकं साधं होतं ते. तिला सुचलंच नव्हतं. दाढ दुखली की मशेरी, एवढंच तिला येत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आणि जनी कमळला घेऊन म्हसळ्याच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी कमळचं तोंड उघडायला लावलं आणि आत बघून मान हलवली. दाढ खरोखरच किडली होती. वरून बरी दिसत होती, आतून पोकळ. त्यांनी ती काढली. कमळ ओरडली तेव्हा जनीनं तोंड फिरवलं, आवडाबाईनं पोरीचे दोन्ही हात धरून ठेवले.

"तीन वर्षांपूर्वी आणली असतीत तर वाचली असती," डॉक्टर म्हणाले. "मशेरीनं दुखणं दबलं, कीड थोडीच थांबते?"

एसटीत बसून परत येताना आवडाबाई विचार करत राहिली. म्हणजे पोर खोटं बोलत नव्हती. दाढ दुखत होती आणि मशेरीची तलफही होती, दोन्ही खरं होतं. मशेरीनं बरंही वाटत होतं आणि वाईटही होत होतं. गोदूनं काही दिलं नव्हतं आणि गोदूकडूनच पान येत होतं. या सगळ्याचा एक धागा धरून ओढावा तर दुसराच गुंता घट्ट व्हायचा. कमळ तोंडात कापूस धरून तिच्या मांडीवर झोपली होती.

पंचायतीची पुढची सभा भरली तेव्हा हरेश्वरनं स्वतःच विषय काढला. दुकानाचा दोष नव्हता हे सिद्ध झालंय, तर ठराव मागं घ्यावा, गोदूबाईला परत आपल्या जागेवर येऊ द्यावं. बाकीच्यांनी माना हलवल्या. गोदूबाई दाराबाहेर उभी होती. गुरुजी टोपी हातात धरून खाली बघत होते.

"आवडाबाय, तुमचं काय?" हरेश्वरनं विचारलं. त्याला वाटलं, ती आनंदानं हो म्हणेल.

"दुकान लांबच राहू दे," आवडाबाई म्हणाली.

दाराबाहेर गोदूबाईची मान वर झाली.

"गोदूचा दोष न्हाय," आवडाबाई पुढे म्हणाली. "तिला मी धक्क्यावर जाऊन बोलले ते माझं चुकलं, इथं चारचौघांत सांगते. दोष माझ्या घरचा हाय. तरीपण दुकान लांबच बरं वाटतं मला. का, ते मला नीट सांगता येत न्हाय."

"आणि तुमचं घर?" एक सदस्य हसत म्हणाला. "तुमचं घर शाळेपासून चाळीस पावलांवर हाय."

बाकीचे हसले. आवडाबाई हसली नाही.

"त्याचंबी लिहा."

ग्रामसेवकानं टाक थांबवला. "घराचं लिहिता येत नाही, बाई. ठराव दुकानाचा. घरात कोण काय लावतं त्यावर पंचायत काय करणार?"

"मग एवढं तरी लिहा, मोठ्या माणसानं आपली विडी-तंबाखू आपण आणावी. पोराला धाडू नये."

आता कुणी हसलं नाही. उलट गलका झाला. दोन दिवस समुद्रावर काढून आलेल्या माणसानं पुन्हा धक्क्यावर उतरायचं का? पोरं मग कशासाठी असतात? चंदरचा चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला की तांडेलाच्या बायकोनं आधी तांडेलाला विचारावं. गुरुजी दोन वाक्यं बोलले, ती कुणी ऐकली नाहीत. शेवटी हरेश्वरनं नेहमीसारखं केलं. पहिला ठराव आहे तसा राहील आणि हा विषय पुढच्या सभेत घेऊ, असं सांगून तो उठला.

बाहेर गोदूबाई थांबलेली होती. आवडाबाईला वाटलं, आता ही कायमची तुटली.

"मी परत यायचं म्हणून उभी होते," गोदूबाई म्हणाली. "आणि तू नको म्हणालीस."

"व्हय."

"तू येडी हायस." ती थोडं अंतर तिच्याबरोबर चालली. मग म्हणाली, "पुढच्या सभेत काय ते होऊ दे न्हायतर न होऊ दे. मी पोरांच्या हातात देणार न्हाय आता. कोण कुणासाठी नेतं, मला काय ठाऊक? उद्या परत कुणाची पोर पडली तर पानं माझीच चिखलात जातात."

आणि तिनं तसं केलं. गावातले पुरुष आठवडाभर कुरकुरले. चंदरनं दोन दिवस विडी ओढली नाही, मग तिसऱ्या दिवशी लुंगी सावरत स्वतःच धक्क्यावर उतरला आणि येताना गोदूबाईला शिव्या घालत आला. तो विषय पुढच्या सभेत निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आवडाबाईची मशेरी पूर्ण सुटली नाही. सकाळी एकदा, कमळ शाळेत गेल्यावर, घराच्या मागे जाऊन ती लावायची आणि लावताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. कमळनं पुन्हा मागितली नाही. निदान तिच्याकडे तरी मागितली नाही. गुरुजींनी एकदा वाटेत थांबवून विचारलं, आता कसं आहे. आवडाबाई म्हणाली, बरं आहे असं वाटतं, पण मला विचारू नका, गुरुजी, मला आधीही बरंच वाटत होतं.

पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर एका सकाळी शेजारची नीराबाई धाकट्या मुलाला कडेवर घेऊन आली. पोराचा गाल सुजला होता, रात्रभर रडलं होतं.

"चिमूटभर मशेरी दे गो मावशी," ती म्हणाली. "दाढेवर दाबते."

"म्हसळ्याला ने त्याला. दवाखान्यात."

"चिमूटभरच मागते."

"न्हाय देत."

नीराबाईचा चेहरा पडला. आजवर या ओटीवरून कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं. "पंचायतीत बसायला लागलीस तशी फार शहाणी झालीस," ती म्हणाली आणि रडत्या पोराला घेऊन निघून गेली.

आवडाबाई ओटीवर बसून राहिली. पोराचं रडणं शेजारच्या घरातून ऐकू येत होतं. आपण दिली असती तर ते थांबलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोनदा ती उठली आणि दोनदा परत बसली.

तिसऱ्या प्रहरी जनी बाजारातून आली. एसटीच्या थांब्यावर नीराबाई पोराला घेऊन उभी दिसली, असं तिनं सांगितलं. म्हसळ्याची गाडी त्याच थांब्यावर येते. नीराबाईच्या माहेरची गाडीही तिथंच येते.

"कुठं चालली होती, विचारलंस?" आवडाबाईनं विचारलं.

"न्हाय," जनी म्हणाली. "पोर फार रडत होतं."